उंदीर, घरमालक आणि भागवतातले दोन श्लोक



आजचं वाचन भागवताच्या सातव्या स्कंधातलं, चौदावा अध्याय, श्लोक आठ आणि नऊ. हा अध्याय सुरू होतो तो युधिष्ठिराच्या प्रश्नाने. तो नारदांना विचारतो, माझ्यासारख्या घरातच बुद्धी अडकलेल्या माणसाला मोठी गती कशी मिळेल? राजा असूनही तो स्वतःला घरात अडकलेला म्हणतो, हे मला फार जवळचं वाटतं. वनात जायचा सल्ला आपल्या कामाचा नाही. आपल्याला ईएमआय, भाडं, दूध आणि स्टँडअप मीटिंग यांच्यात बसणारं काहीतरी हवं असतं, आणि नारद खरोखर तसंच सांगतात.

नवव्या श्लोकात त्यांनी प्राण्यांची एक यादी दिली आहे. हरीण, उंट, गाढव, माकड, उंदीर, सरपटणारे जीव, पक्षी, माश्या. यांच्याकडे स्वतःच्या मुलांसारखं पाहावं, कारण मुलांमध्ये आणि यांच्यामध्ये असं अंतर तरी किती आहे?

हरीण ठीक आहे. पक्षीही ठीक. पण यादीत उंदीर आहे. मूळ शब्द 'आखु', म्हणजे आपला तोच, रात्री दोन वाजता ओट्याखाली प्लास्टिकची पिशवी कुरतडणारा.

हे वाक्य यावर्षी माझ्या घरात अगदी शब्दशः येऊन बसलं. आम्ही श्रीरामपूरला भाड्याने राहतो. मी घरून काम करतो, आई सोबत असते, मुलगी दीड वर्षाची आहे आणि जमिनीवर गादी घालून झोपते. आमच्या भागाच्या मागे थोड्या अंतरावर उसाची शेतं सुरू होतात. प्रवरेच्या कालव्याने हा सगळा पट्टा उसाचा केला आहे, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू झाली की शेतातले उंदीर निवारा शोधत घरांकडे येतात. यात त्यांची काही दुष्ट योजना नसते. त्यांचं घर कोयत्याने तोडलं गेलेलं असतं, एवढंच. आमच्या मोरीच्या पाइपाभोवती दोन बोटं जाईल एवढी फट होती आणि मागच्या दाराची चौकट खालून कुजलेली होती. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढी जागा पुरते. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणं ही त्याची खोड नाही, त्याला ते करावंच लागतं.

घरमालक पुण्याला असतात. काकांना पहिला फोन केला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "अहो, गाव आहे, उंदीर असणारच. औषध ठेवा." दुसऱ्यांदा फोटो पाठवले. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा फोन उचलला गेला नाही. भाडं मात्र पाच तारखेला जात होतं.

औषध ठेवा! मराठीत आपण विषाला औषध म्हणतो, हे कधी थांबून ऐकलंय का तुम्ही? दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा वड्यांमध्ये रक्त गोठू न देणारं रसायन असतं. उंदीर ते खातो, त्याला लगेच काही कळत नाही, मग काही दिवसांत आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. तो मेलेला किंवा सुस्त झालेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर विष तिकडे जातं. ग्लू पॅडवर चिकटलेला उंदीर तर कित्येक तास ओरडत, स्वतःची कातडी ओढत राहतो. त्याला आपण केराच्या डब्यात टाकतो आणि हात धुऊन संध्याकाळचा हरिपाठ म्हणायला बसतो. हे मी कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. घरात रांगतं मूल असलं की माणूस काय काय करू शकतो, हे मला ठाऊक आहे.

कारण भीती खोटी नसते. 1896 मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग आला, तिथे धान्याची गोदामं होती. पुढच्या वर्षी, 10 मार्च 1897 रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. उंदरावरच्या पिसवांमधून हा रोग पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवलं ते 1898 मध्ये. अगदी अलीकडचं सांगायचं तर 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तीही उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून. तेव्हा 'सगळे जीव देवाचेच आहेत, सोडून द्या' असं म्हणणाऱ्या भक्ताला मी एवढंच विचारेन, तुमच्या घरात पिठाचा डबा उघडा असतो का?

मग मुलासारखं पाहा याचा अर्थ काय?

नारदांचा शब्द 'पाहावं' असा आहे. घरात ठेवून घ्यावं असं ते म्हणत नाहीत. माझी मुलगी गॅसच्या बटणाकडे जाते तेव्हा मी स्वयंपाकघराचं दार लावतो. तिला मारत नाही, आणि बटण फिरवूही देत नाही. मुलाच्या बाबतीत आपण अपघात होण्याआधीच काम केलेलं असतं. सॉकेटला झाकण, जिन्याला फळी, फिनाईलची बाटली वरच्या फळीवर. हे सगळं प्रेम आहे आणि यात एकही भावुक शब्द नाही. उंदराकडे मुलासारखं पाहायचं तर तेच काम आधी करायला हवं: फट बुजवणं, धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवणं, खरकटं रात्रभर न ठेवणं. म्हणजे तो आत येणार नाही आणि त्याला मारण्याची वेळ आपल्यावर येणार नाही.

आमच्या कामात याला रूट कॉज म्हणतात आणि विषाला वर्कअराउंड. वर्कअराउंड दर महिन्याला नव्याने लावावा लागतो. एक उंदीर मेला की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो, फट तशीच असते. उंदराची मादी जेमतेम तीन आठवड्यांत पिल्लं देते. या शर्यतीत वडी जिंकत नाही.

इथून तासाभराच्या अंतरावर नेवासं आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इ.स. 1290 मध्ये, माउलींनी तिथे पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी आपली परंपरा आहे. तेराव्या अध्यायात गीतेतला 'अहिंसा' हा एकच शब्द आला आणि माउली त्यावर किती वेळ थांबले आहेत ते पाहा. आधी ते खोट्या अहिंसेची खिल्ली उडवतात. झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्यांचंच झाडाच्या बुंध्याला कुंपण घालायचं, असली अहिंसा काय कामाची, असा त्यांचा सूर आहे. मग खरा अहिंसक कसा चालतो ते सांगतात: पायाखाली लहान जीव असतील म्हणून तो पाऊल जणू करुणेत लपवून टाकतो. त्यात एक दाखला मांजरीचा आहे. मांजरी आपलं पिल्लू दातात धरते तेव्हा तिचे दात बोथट असल्यासारखे असतात. दात तेच, ज्यांनी ती उंदीर धरते. माउलींनी मांजरीला दात काढून ठेवायला सांगितलं नाही. धरायचं कसं, हे सांगितलं.

फांद्या तोडून कुंपणाचा दाखला मला पिंजऱ्याच्या बाबतीत आठवतो. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर आपण गाडीवर घेऊन जातो आणि कालव्याच्या कडेला सोडतो, मनात हलकं वाटतं. पण ते कुणाचं तरी शेत असतं. माझा उंदीर मी शेतकऱ्याच्या गव्हात सोडला, मग अहिंसा कुणाची झाली? शिवाय अनोळखी जागी सोडलेला उंदीर बऱ्याचदा फार काळ जगत नाही. पिंजरा वाईट नाही, पण तो पुण्याचं प्रमाणपत्र नाही. माझं स्पष्ट मत सांगतो, काहींना पटणार नाही: सगळ्या फटी बुजवल्यावरही उंदीर आतच अडकला असेल आणि घरात लहान मूल असेल, तर एका झटक्यात संपवणारा चाप हा विषापेक्षा आणि ग्लू पॅडपेक्षा कमी वाईट आहे. चांगला म्हणत नाही, कमी वाईट म्हणतोय. आपल्या स्मृतिग्रंथांनी गृहस्थाच्या घरात हिंसेची पाच ठिकाणं मोजली आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. त्यांना पंचसूना म्हणतात. रोज झाडू मारणाऱ्याच्या हातूनही जीव मरतात, हे ते ग्रंथ लपवत नाहीत. म्हणूनच गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले, त्यात एक भूतयज्ञ, म्हणजे इतर जीवांचा वाटा. गीतेच्या अठराव्या अध्यायातही भगवंत म्हणतात की प्रत्येक कर्माला दोष चिकटलेला असतो, जसा अग्नीला धूर. धूर आहे म्हणून चूल पेटवायची नाही असं नाही, पण खिडकी तरी उघडा.

आता आठवा श्लोक, जो उंदराच्या बरोबर आधी येतो. माणसाचा हक्क पोट भरेल तेवढ्यावरच आहे, त्याहून अधिक माझं म्हणणारा चोर आहे आणि शिक्षेला पात्र आहे, असं नारद तिथे म्हणतात. मालकीबद्दल इतकं कडक वाक्य आणि लगेच पुढे उंदीर! मी कित्येकदा हे दोन श्लोक वेगवेगळे वाचले होते. मोरीची फट समोर असताना ते एकच वाटायला लागले. घर माझं आहे म्हणून भाडं घ्यायचं, आणि घराची फट मात्र भाडेकरूची. कुजलेली चौकट, तिच्यातून येणारा उंदीर आणि त्या उंदराला द्यावं लागणारं विष, या सगळ्याचा हिशोब ज्याला दुरुस्ती करणं सहज शक्य होतं त्याच्याही खात्यात जातो. दोन किलो सिमेंट वाचवलं, त्याची किंमत तिसऱ्याच जिवाने दिली.

इथे भक्त मंडळींची एक सवय मला खटकते. देह हेच भाड्याचं घर, मग या घराचं काय एवढं, सहन करा, असं कीर्तनाच्या सुरात सांगतात. देहाबद्दल ते खरं आहे. पण त्याने काकांची जबाबदारी संपत नाही. स्वतःच्या वाट्याचा त्रास सोसणं ही तितिक्षा, आणि दीड वर्षाच्या मुलीने सोसावं म्हणून गप्प बसणं हे वेगळंच काहीतरी आहे.

मी लेखी पत्र पाठवलं. रागाचं एकही विशेषण नाही, फक्त फोटो, तारखा, काय काय दुरुस्त करायला हवं आणि पंधरा दिवसांची मुदत. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 108 मध्ये असं आहे की, जी दुरुस्ती मालकावर बंधनकारक आहे ती त्याने सूचना देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वजा करू शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 14 मध्ये, तो जिथे लागू आहे तिथे, पंधरा दिवसांच्या नोटिशीची तरतूद आहे, आणि वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त करता येत नाही. मात्र तुमचा करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असेल तर गणित बदलतं. दुरुस्ती कुणाची हे करारात लिहिलंय का ते आधी वाचा, आणि लिहिलं नसेल तर पुढच्या वेळी सही करण्याआधी लिहून घ्या. हा कायद्याचा भाग देवाच्या पानावर कशाला, असं कुणी म्हणेल. मला वाटतं, नीट लिहिलेली नोटीस हासुद्धा अहिंसेचाच प्रकार आहे. ती विषाच्या आधी येते, आणि समोरच्याला चोर ठरवण्याआधी सुधारायची संधी देते.

नवव्या दिवशी काकांचा फोन आला. आधी चिडले, "कायदा शिकवता काय?" मी म्हटलं, "काका, तुमची नात इथे झोपत असती तर?" थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "करून घ्या, भाड्यातून कापा, बिल पाठवा." गवंडी आला, पाइपाभोवती जाळी कोंबून सिमेंट भरलं, चौकटीला खाली पत्रा ठोकला, मोरीला बारीक जाळी बसवली. अर्धा दिवसाचं काम होतं.

आई रोज सकाळी मागच्या भिंतीवर भाकरीचा घास ठेवते. चिमण्या, साळुंक्या, एक खार येते. गवंडी म्हणाला, "आजी, हे ठेवू नका, याच वासाने उंदीर येतात." आईने थोडा विचार केला. आता ती घास उजाडल्यावर ठेवते आणि जे उरेल ते दिवेलागणीच्या आधी उचलून गाईच्या बादलीत टाकते. पिठाच्या डब्यावर झाकण घट्ट आहे ना, हे मात्र झोपताना मला दोनदा विचारते.

उद्या दहावा श्लोक. वाचून ठेवा.