कुलचिन्ह आणि मूर्ती

'टोटेम' हा शब्द आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांतून आला. परंतु तो मुळात इंग्रजी नव्हे. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या काठी राहणाऱ्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत कुळाला 'डूडेम' म्हणतात. त्याचेच हे परदेशी कानांनी ऐकलेले रूप. कोणाचे डूडेम क्रौंच पक्षी, कोणाचे अस्वल, कोणाचे मासा. एका डूडेमची माणसे परस्परांची भावंडे. त्यांच्यात सोयरीक होत नाही. दूरच्या गावी गेलेल्या वाटसरूला आपल्या डूडेमचे घर सापडले की त्याची जेवणाची व निजण्याची चिंता मिटली. १७०१ साली मॉन्ट्रियल येथे फ्रेंचांशी मोठा तह झाला, तेव्हा आदिवासींच्या प्रमुखांनी त्या कागदावर पशुपक्ष्यांची व इतर चिन्हांची चित्रे काढली. ती त्यांच्या लोकांची सही होती. शब्द दिल्याची खूण म्हणून काढलेल्या त्या चित्रांपुढे कोणी गुडघे टेकले नव्हते.

मात्र हा शब्द युरोपात पोहोचला तो चुकीचा अर्थ घेऊनच. जॉन लाँग नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने १७९१ साली आपला प्रवासवृत्तान्त छापला. त्यात त्याने टोटेम म्हणजे एकेका माणसाचा रक्षक आत्मा असे सांगितले. कुळाचे नाव आणि व्यक्तीचा पाठीराखा यांची ही गल्लत पुढे दीर्घकाळ टिकली. १८६९-७० मध्ये स्कॉटलंडच्या मॅकलेननने प्राण्यांच्या व वनस्पतींच्या पूजेवर लेख लिहिले आणि टोटेम ही साऱ्या मानवजातीच्या धर्माची एक आद्य पायरी असावी, अशी कल्पना रूढ झाली. मग उगमाचा शोध सुरू झाला. फ्रेझरने १९१० साली या विषयावर चार खंड प्रसिद्ध केले. उगमाच्या तीन निरनिराळ्या उपपत्ती त्या एकट्यानेच मांडल्या होत्या! डर्कहाइमने १९१२ साली म्हटले की टोटेमच्या रूपाने समाज स्वतःलाच वंदन करतो. फ्रॉइडला १९१३ साली त्यात पित्याची आदिम हत्या दिसली. ऑस्ट्रेलियातील आदिवासींविषयी इतके लिहिणाऱ्या या तिघांपैकी एकानेही त्यांच्यात जाऊन वास्तव्य केले नव्हते. अखेर १९६२ साली लेव्ही-स्ट्रॉस या फ्रेंच विद्वानाने टोटेमवाद नावाची एकसंध वस्तू ही अभ्यासकांचीच निर्मिती होय, असे दाखवून दिले. गरुड आणि अस्वल यांच्यातील भेद माणसाला दिसतो; त्याच्या आधारे तो आपल्या आणि शेजारच्या कुळातील भेद समजून घेतो, असे त्याचे प्रतिपादन.

या विद्वानांच्या परिश्रमांविषयी मला आदर आहे. तरीही मला वाटते, उगम सापडला की अर्थ सापडतो हे त्यांनी धरलेले गृहीतच कच्चे होते. क्रूसाचेच पाहा. त्याचा उगम शोधणाऱ्याच्या हाती रोमन राज्यातील देहदंडाचे एक अत्यंत लाजिरवाणे साधन लागेल. ते खरेही आहे. परंतु आजारी म्हातारीच्या उशाशी टांगलेल्या क्रूसाचा अर्थ त्यातून कितीसा उलगडणार? तो तिलाच विचारावा लागेल.

महाराष्ट्राला ही गोष्ट परकी नाही. मराठा आणि इतर अनेक जातींत लग्नाच्या आधी देवक बसवतात. कोणाचे देवक कदंब, कोणाचे उंबर, मोऱ्यांचे मोराचे पीस. समान देवकाच्या घरांत सोयरीक टाळण्याची चाल होती आणि पुष्कळ कुळांत देवकाचे झाड तोडीत नसत. देवकाची पूजा होते हे खरेच. पण त्या पूजेतून आपण कोण, आपले कोण आणि आपण काय करायचे नाही, हेही घरातल्या लहानथोरांना कळते. हा शेवटचा भाग अभ्यासकांच्या हातून निसटतो. कुलचिन्ह माणसाला आधी बांधते आणि मग मिरवू देते.

न विचारता अर्थ लावला की काय घडते, याचा दाखला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मिळतो. तेथील हैडा, निस्गा, त्सिम्शियन इत्यादी लोक देवदाराच्या जातीच्या प्रचंड वृक्षांतून कोरीव खांब घडवीत. त्यांवरील गरुड, डोमकावळा, देवमासा म्हणजे घराण्याचा इतिहास, त्याचे हक्क आणि त्याच्या मृतांची स्मृती. खांब उभारताना मोठी मेजवानी होई. आलेले पाहुणे दाने स्वीकारीत आणि त्या हक्कांचे साक्षीदार होत. मिशनऱ्यांना त्यात मूर्तिपूजा दिसली, सरकारला उधळपट्टी दिसली. १८८५ पासून कायद्याने या मेजवान्यांवर बंदी आली, ती १९५१ पर्यंत राहिली. बंदीची मागणी करणाऱ्यांत आपल्या चर्चचे धर्मगुरूही होते, हे लपवण्यात अर्थ नाही. कित्येक खांब तोडले गेले, कित्येक संग्रहालयांत गेले. निस्गा लोकांचा एक स्मृतिस्तंभ १९२९ साली नेण्यात आला आणि एडिंबरोच्या संग्रहालयात उभा राहिला. तो २०२३ साली आपल्या खोऱ्यात परतला. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन आदिवासींची क्षमा मागितली. ती मुख्यतः निवासी शाळांतील अत्याचारांविषयी होती, तरी त्यांची संस्कृती नष्ट करण्यातील ख्रिस्ती जनांच्या सहभागाचाही त्यांनी उल्लेख केला.

मग मिशनऱ्यांची भीती अगदीच निराधार होती काय? तसे म्हणता येणार नाही. मोशेने रानात पितळी सर्प उंचावला, तो लोकांना जीवदान मिळावे म्हणून. पुढे लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. देवाच्या आज्ञेने घडलेले चिन्हदेखील मूर्ती होऊ शकते. परंतु हिज्कीयाने फोडला तो स्वतःच्या लोकांचा सर्प. धूप कोणापुढे जळतो आहे, हे त्याला ठाऊक होते. कॅनडातील आमच्या बांधवांनी दुसऱ्यांच्या अंगणातील लाकूड पाहिले आणि धुराचा वास गृहीत धरला. पहिल्यास सुधारणा म्हणता येईल; दुसऱ्यास काय म्हणावे, हे नीतिशास्त्र शिकलेल्या वाचकाने ठरवावे.

खांबांचे पुढे काय होते, एवढे पाहिले असते तरी बराच उलगडा झाला असता. हैडा लोकांच्या बेटांवर स्गांग ग्वाय नावाचे एक ओसाड गाव आहे. १९८१ पासून ते जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. देवीच्या साथीने तेथील वस्ती उठली; खांब मात्र राहिले. शेवाळ चढलेले, कललेले ते खांब हैडा राखणदार उन्हाळ्यात सांभाळतात, आलेल्यांना त्यांच्या कथा सांगतात; परंतु त्यांना कायमचे टिकवून धरण्याचा खटाटोप करीत नाहीत. खांब झिजतो, पडतो, मातीला मिळतो, आणि कित्येकदा पडलेल्या खांबाच्या अंगावर नव्या झाडाचे रोप उगवलेले दिसते.