निवडणुकीची बातमी आणि मतदार: नांदेड जिल्ह्याचा दाखला

निवडणुकीच्या दिवसांत पेपर एका बाजूने लिहितो आहे असे वाचकाला वाटते, तेव्हा त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. कधी बातमी खरोखरच कोणाच्या तरी सोयीने छापलेली असते. कधी बातमी सरळ असते, पण वाचक स्वतःच एका बाजूला उभा असतो. हॉटेलात चहा घेताना दोन्हींवर एकच शेरा पडतो, "पेपर विकला गेला". या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायच्या, तर नांदेड जिल्ह्याइतका बोलका दाखला महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

धर्माबाद हे तेलंगणाच्या सीमेवरचे, मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. इथे मराठी आणि तेलुगू रोज एकमेकींच्या कानावर पडतात. जुलै २०१० मध्ये, आंध्र प्रदेश अजून एकसंध असताना, तेलुगू देसमचे प्रमुख चंद्राबाबू नायडू गोदावरीवरील बाभळी बंधारा पाहण्यासाठी आमदार-खासदारांचा ताफा घेऊन निघाले. महाराष्ट्र पोलिसांनी सीमेवर त्यांना अटक केली आणि धर्माबादच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ठेवले. तेलंगणातील १२ विधानसभा जागांच्या पोटनिवडणुका त्याच महिन्यात होत्या. नदीच्या वरच्या अंगाला बंधारा म्हणजे हक्काचे पाणी होते. खालच्या अंगाला तो श्रीरामसागर धरणावरचा घाला होता. अटकेची एकच बातमी एका बाजूला निवडणुकीसाठी केलेला देखावा म्हणून वाचली गेली, दुसऱ्या बाजूला अन्याय म्हणून.

हा स्वभाव केवळ सीमाभागाचा नाही. १९८५ मध्ये व्हॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. १९८२ च्या बैरुत हत्याकांडाच्या त्याच दूरचित्रवाणी बातम्या त्यांनी इस्राएलच्या आणि अरबांच्या समर्थकांना दाखवल्या. दोन्ही गटांना त्या आपल्याच विरोधात रंगवलेल्या वाटल्या. म्हणून पक्षपाताचा आरोप कितीही मनापासून केलेला असला, तरी तो अजून पुरावा होत नाही.

पुरावा कसा असतो, हे नांदेड जिल्ह्यातीलच भोकर मतदारसंघाने त्या अटकेच्या आदल्या वर्षी दाखवले होते. ऑक्टोबर २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण तिथून उभे होते. मतदानाच्या तोंडावर त्यांच्या तरुण, तडफदार नेतृत्वाची स्तुती करणारा एक मजकूर लोकमत, पुढारी आणि महाराष्ट्र टाइम्स या तीन दैनिकांत आला. शब्द तेच, वाक्यांचा क्रम तोच. 'अशोक पर्व' या मथळ्याची रंगीत पानेच्या पाने निघाली आणि त्यांवर कुठेही 'जाहिरात' असे छापलेले नव्हते. पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये ही कात्रणे उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबाशेजारी ठेवली. हिशेबात वृत्तपत्रातील जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये होता आणि केबलवरील जाहिरातींचा ६,००० रुपये. पैसे दिल्याचा आरोप चव्हाण यांनी नाकारला. तरीही स्पर्धेत असलेल्या तीन वृत्तपत्रांना एकाच नेत्याबद्दल एकसारखी वाक्ये कशी सुचली, या प्रश्नाला वाचकाच्या पूर्वग्रहाचे उत्तर चालत नाही.

या व्यवहाराला धंद्यातला शब्द 'पॅकेज'. कौतुकाला एक दर, प्रतिस्पर्ध्यावर चिखलफेक करायला दुसरा. जो पॅकेज घेत नाही, त्याच्या सभेला कितीही गर्दी असो, ती छापून येत नाही. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये देशभरातील असे प्रकार नोंदवले. विधानसभेसाठी तेव्हा खर्चाची मर्यादा १० लाख रुपये होती. बातमी म्हणून छापलेली जाहिरात त्या मर्यादेत मोजली जात नाही, ही या पद्धतीची मोठी सोय. तालुक्याच्या पातळीवर ती आणखी घट्ट बसते. तिथल्या अनेक वार्ताहरांना धड पगार नसतो, मिळकत येते ती जाहिरातींवरच्या कमिशनमधून. सकाळी ज्या उमेदवाराकडे पुरवणीसाठी जाहिरात मागायची, त्याच्याच अडचणीची बातमी संध्याकाळी कशी लिहायची? दोष त्या माणसाचा कमी आणि त्याला असे जुंपणाऱ्या व्यवस्थेचा अधिक आहे.

भोकरमधील पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांनी चव्हाण यांच्या खर्चाच्या हिशेबाबद्दल निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. हिशेब कायद्याप्रमाणे न दिल्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १० अ प्रमाणे तीन वर्षांची अपात्रता येते. हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा आयोगाला अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये स्पष्ट केले. आयोगाने जुलैत चव्हाण यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढला; सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. पुढे २०१५ मध्ये विधी आयोगाने पेड न्यूज, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेली बातमी, हा निवडणूक गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली.

अशा बातम्यांचा मतदारावर परिणाम काय? मत थेट फिरते, हा समज तपासात टिकत नाही. संशोधक लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायो राज्यातील एरी परगण्यातील मतदारांचा महिनोन्महिने मागोवा घेतला. प्रचाराने पक्ष बदललेले थोडे निघाले. बहुतेकांचे आधीचेच मत पक्के झाले आणि पेपरपेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द जड ठरला. मराठवाड्यात ही ओळखीची माणसे सोसायटीत, आडतीवर आणि पाहुण्यारावळ्यांत असतात. भोकरचा निकालही लाखाहून अधिक मतांनी लागला होता. तो रंगीत पानांमुळे लागला असे म्हणता येत नाही. २० नोव्हेंबर २०२४ ला नांदेडच्या मतदारांनी लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभा यांसाठी एकाच दिवशी दोन बटणे दाबली. लोकसभेला काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी निवडून आले आणि त्याच मतदारसंघातील सहाही विधानसभा जागा महायुतीला गेल्या. दोन बटणांचा असा वेगळा हिशेब करणाऱ्या मतदाराला पेपर सांगेल तिकडे जाणारा म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

खरे नुकसान दुसरीकडे होते. पैसे नसलेला उमेदवार छापलाच गेला नाही, तर मतदार त्याला नाकारत नाही. त्याला तो माहीतच होत नाही. कुंपणावरच्या मतदाराला निवड करण्यासाठी जी तुलना लागते, तीच त्याच्यासमोर येत नाही. याहून खोल नुकसान विश्वासाचे. पॅकेजची सवय झालेला वाचक खऱ्या बातमीकडेही त्याच नजरेने पाहू लागतो. एखादा वार्ताहर रात्र जागून बोगस पीकविम्याची किंवा कोरड्या पाणीयोजनेची बातमी देतो, आणि गावात पहिला प्रश्न येतो, "हे कोणी छापून आणले?"