शेजारधर्म

एकाच वस्तूवर अनेकांचा हक्क असला, की प्रत्येकाचा वाटा किती हे आपण लगेच विचारतो. माझ्या वागण्याने दुसऱ्याच्या वाट्याचे काय होते, हा प्रश्न मात्र सहसा मागे राहतो. संगणकाच्या इतिहासातील एक जुने प्रकरण वाचताना मला हा दुसरा प्रश्नच अधिक मोलाचा वाटू लागला.

१९५० नंतरच्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले, अतोनात महागडे यंत्र. शास्त्रज्ञाने आपले काम भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवायचे, गठ्ठा आत द्यायचा आणि उत्तरासाठी तासन् तास थांबायचे. एक स्वल्पविराम चुकला, की सारे पहिल्यापासून! यंत्राचा क्षण अमूल्य आणि माणसाचा दिवस कवडीमोल, असा तो हिशेब होता. तो उलटवला कालविभाजनाने. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. यंत्राने क्षणभर एकाचे काम करायचे, क्षणभर दुसऱ्याचे. आणि तेही इतक्या झपाट्याने, की प्रत्येकाला वाटावे, यंत्र माझ्या एकट्याचेच आहे. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाला मास्तर आपल्याकडेच पाहताहेत असे वाटावे, ही कला आम्हा शिक्षकांना जन्मभर साधत नाही. यंत्राला ती साधली.

पुढे एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज यांनी मिळून मल्टिक्स ही मोठी योजना हाती घेतली. वीज-पाण्यासारखी गणनशक्ती सर्वांना पुरवावी, असा मनसुबा होता. काम लांबत गेले आणि १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजने अंग काढून घेतले. तेथील केन टॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांच्या सोबत्यांना चुटपुट लागली ती केवळ एका सोयीची नव्हे. ज्या व्यवस्थेभोवती माणसांचा स्नेह जुळेल अशी व्यवस्था आम्हांला हवी होती, अशा आशयाचे रिचींनी पुढे लिहून ठेवले आहे. फारशा वापरात नसलेल्या एका पीडीपी-७ यंत्रावर टॉम्प्सन यांनी त्याच वर्षी जी मांडामांड सुरू केली, तिचेच नाव पुढे युनिक्स पडले.

१९७१ च्या उत्तरार्धात युनिक्स पीडीपी-११ या यंत्रावर चालत होते. त्यावर पेटंट विभागाचे तीन टंकलेखक दिवसभर अर्ज टंकित करीत आणि त्याच यंत्रावर संशोधक आपले नवे प्रयोग करीत. साठवणीची चकती अवघी अर्ध्या मेगाबाइटची. आणि एकाच्या कामापासून दुसऱ्याचे काम राखणारी भिंत त्या यंत्रात नव्हतीच. नवा प्रोग्रॅम बिघडला, तर सगळ्यांचेच यंत्र बंद पडायचे. म्हणून प्रत्येक चाचणीला सावधपणा आणि धाडस दोन्ही लागत, असे रिची सांगतात. मला त्यांतला सावधपणा थोर वाटतो. स्वतःच्या जिवावर केलेले धाडस आणि शेजाऱ्याच्या श्रमावर केलेले धाडस यांना आपण एकच नाव देतो. ते बरोबर नाही.

यावर कोणी म्हणेल, की हा सद्गुण नव्हे, ही तर लाचारी. भिंत नव्हती म्हणून जपावे लागले. भिंत असलेली यंत्रे आली आणि प्रश्न मिटला. भिंत हवी, हे मलाही मान्य आहे. टंकलेखकाचे श्रम संशोधकाच्या चांगुलपणावर अवलंबून राहणे न्यायाचे नाही; दुबळ्याला हक्क हवा, कृपा नव्हे. परंतु भिंत शेजाऱ्याला फक्त माझ्या चुकीपासून वाचवते. शेजारी आहे, याची आठवण ती मला देत नाही. उलट ती पुसून टाकते.

आज आपण दूरच्या संगणकांवर अगणित अनोळखी माणसांबरोबर वेळ वाटून घेतो. भिंती पक्क्या आहेत आणि यंत्र माझ्या एकट्याचे आहे हा भास जवळजवळ पूर्ण झाला आहे. तरी त्या यंत्रांना वीज लागते, अनेक ठिकाणी ती थंड ठेवायला पाणी लागते, आणि ते पाणी कोणत्या तरी गावाशेजारचेच असते. त्या गावाचा आणि माझा परिचय होण्याचा संभव नाही. पण परिचय नसला म्हणून शेजार संपत नाही. प्रयोगशाळेतल्या माणसांना आपला शेजारी त्याच यंत्रावर भेटे. आपल्याला तो शोधावा लागेल, आणि शोधण्याची सक्ती कोणीच करणार नाही. माझ्या मते शेजारधर्माची खरी परीक्षा येथूनच सुरू होते.