निरोप न नेणारी जोडी

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून सरकारने तो तिथे बसवला होता. तारा आणि टपालावर सरकारची नजर असण्याचा तो काळ. ब्रिटिशांनी भारत सोडावा, हा काँग्रेस कार्यकारिणीचा १४ जुलै १९४२ चा ठराव झाला तोही वर्ध्यातच. दूरवर शब्द पोचवायचा तर तो नेणारं साधन लागतं आणि त्या साधनावर कुणी तरी कान लावून बसू शकतं, या दोन्ही गोष्टी या जिल्ह्याने अनुभवातून ओळखलेल्या आहेत.

क्वांटम एन्टँगलमेंटविषयी, म्हणजे कणांच्या गुंतलेपणाविषयी, आज जे बोललं जातं, ते नेमकं याच दोन गोष्टींशी भिडतं. एक दावा असा, की निरोपासाठी मधल्या साधनाची गरजच उरणार नाही. इथे कळ दाबली की मंगळावर त्याच क्षणी कळेल. दुसरा असा, की चोरून ऐकणारा हमखास उघडा पडेल. पहिला दावा खोटा आहे आणि दुसरा बराचसा खरा. शिवाय पहिला ज्या नियमामुळे कोसळतो, त्याच नियमावर दुसरा उभा आहे.

समजा, एकाच उगमातून प्रकाशाचे दोन गुंतलेले कण निघाले. एक फोटॉन वर्ध्याला आला, दुसरा नागपूरला गेला. वर्ध्याच्या प्रयोगशाळेत त्याचं ध्रुवीकरण, म्हणजे कंपनाची दिशा, मोजलं आणि उत्तर ‘उभं’ आलं, तर नागपुरातही त्याच दिशेने मोजल्यास ‘उभं’च येतं. यात नवल ते काय, असं कुणीही म्हणेल. चपलांच्या जोडातली एक डब्यात घालून नागपूरला पाठवली आणि इथल्या डब्यात डावी निघाली, तर तिथे उजवीच असणार. पण उत्तरं अशी आधीच ठरलेली असतील, तर मोजण्याच्या दिशा बदलत गेल्यावर दोन्हीकडच्या उत्तरांचा मेळ एका मर्यादेपुढे जाऊ शकत नाही, हे जॉन बेल यांनी १९६४ मध्ये गणिताने दाखवलं. १९७२ मध्ये क्लाउझर आणि फ्रीडमन यांनी, १९८२ मध्ये अ‍ॅस्पे यांनी प्रयोग केले. निसर्गाने ती मर्यादा ओलांडलेली होती. २०२२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल क्लाउझर, अ‍ॅस्पे आणि झायलिंगर यांना मिळालं ते याच कामासाठी.

एवढा विलक्षण मेळ हाताशी असताना त्यातून निरोप का जाऊ नये? कारण वर्ध्यातल्या माणसाला उत्तर मोजता येतं, ठरवता येत नाही. ‘उभं’ म्हणजे होकार आणि ‘आडवं’ म्हणजे नकार असा संकेत ठरवला, तरी ‘उभं’ यावं म्हणून त्याला काहीच करता येत नाही. नागपूरकराच्या वहीत निम्मी उत्तरं उभी, निम्मी आडवी. वर्ध्यात कुणी मोजलं, दिशा बदलली किंवा दिवसभर काहीच केलं नाही, तरी त्या वहीत फरक पडत नाही. मेळ दिसतो तो दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि वही न्यायला आगगाडी, फोन किंवा इंटरनेट लागतंच. यांपैकी काहीही प्रकाशापेक्षा वेगाने जात नाही.

या भिंतीला सर्वांत हुशारीने धडक दिली ती निक हर्बर्ट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने. १९८१ च्या सुमारास त्याने मांडलं, की आलेला फोटॉन लेझरने वाढवून त्याच्या पुष्कळ प्रती काढाव्यात. एका कणावरून दिशा कळत नाही, पण प्रतींच्या गठ्ठ्यावरून पलीकडे कोणत्या प्रकारचं मापन झालं ते कळेल आणि निरोप तत्क्षणी पोचेल. लेख परीक्षणासाठी गेला. जिआनकार्लो गिरार्डी यांनी तो नाकारावा असं कळवलं. दुसरे परीक्षक आशर पेरेझ यांनी मात्र लेख चुकीचा आहे हे ओळखूनही छापण्याची शिफारस केली. चूक शोधताना काही महत्त्वाचं हाती लागेल, असा त्यांचा होरा होता. तसंच झालं. अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे वूटर्स आणि झुरेक यांनी, तसंच स्वतंत्रपणे डीक्स यांनी १९८२ मध्ये सिद्ध केलं. चुकीच्या लेखाला एवढा मान देणारे परीक्षक विज्ञानाला नेहमी लाभत नाहीत.

आता टेलिफोनवर कान लावणाऱ्याकडे वळू. तारेवरचं संभाषण चोरताना तो खरं तर त्याची प्रत काढत असतो, मूळ निरोप पुढे जातोच. फोटॉनची प्रत निघत नाही. चोराला तो मोजावाच लागतो आणि मोजताच दोन्हीकडच्या उत्तरांचा मेळ बिघडतो. बेनेट आणि ब्रासार्ड यांनी गुप्त किल्ली तयार करण्याची यावर आधारलेली पद्धत डिसेंबर १९८४ मध्ये मांडली, तीही आपल्या बेंगळुरूतल्या एका परिषदेत. १९९१ मध्ये आर्तुर एकर्ट यांनी त्याच कामासाठी गुंतलेल्या जोड्या वापरण्याची पद्धत दिली. दोन्हीकडे सारखी, इतर कुणाला ठाऊक नसलेली आकड्यांची माळ तयार होते. त्या किल्लीने कुलूपबंद केलेला निरोप मात्र साध्या तारेनेच जातो.

प्रत निघत नाही याचा तोटाही मोठा. फायबरमध्ये शंभर किलोमीटरनंतर शंभरातला जेमतेम एक फोटॉन उरतो, आणि नेहमीच्या दूरसंचारात चालतात तसे संदेश वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर इथे लावता येत नाहीत. चीनच्या ‘मिशियस’ उपग्रहावर दर सेकंदाला सुमारे ५९ लाख जोड्या तयार होत होत्या. १,२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांत सेकंदाला जेमतेम एक जोडी हाती लागली. २०२० मध्ये याच उपग्रहाने १,१२० किलोमीटरवर किल्ली जुळवली, तिचा वेग सेकंदाला ०.१२ बिट. २०२५ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने एक किलोमीटरहून अधिक अंतरावर, मोकळ्या हवेतून, गुंतलेल्या फोटॉनच्या आधारे सेकंदाला सुमारे २४० बिटची किल्ली मिळवली. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं लक्ष्य दोन हजार किलोमीटरचं आहे. मधलं अंतर केवढं आहे, हे या आकड्यांवरून कळावं. शिवाय किल्ली सुरक्षित असली तरी कार्यालयातला संगणकच फोडला गेला, तर भौतिकशास्त्र मदतीला येत नाही.

सेवाग्रामपासून जवळच, धाम नदीकाठच्या पवनारला, विज्ञान आणि अध्यात्म एकत्र आले पाहिजेत असं विनोबा जन्मभर सांगत राहिले. ‘सगळं विश्व गुंतलेलं आहे, म्हणून विचार दूरवर पोचतात’ असं सांगणारे आज एन्टँगलमेंटचा दाखला देतात आणि क्वांटमच्या नावाने उपचार विकतात. विनोबांना हवा होता तो मेळ असा नव्हे. त्यासाठी विज्ञान आधी विज्ञानासारखं समजून घ्यावं लागतं.

तेव्हा शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी मुलांना एक साधा प्रश्न विचारायला शिकवावं. क्वांटमने निरोप पोचतो असं कुणी सांगितलं, तर विचारा: दोन्हीकडच्या वह्या जुळवल्या कशा, आणि त्या कोणत्या वाटेने आल्या?