शिकवलेला कुत्रा आणि शिकवणारा माणूस

यंदा वार्षिकासाठी काय लिहितोस, असे अम्मीने विचारले तेव्हा मी म्हणालो, "कुत्र्यावर." ती तांदूळ निवडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "दुसरं काही सुचलं नाही का रे तुला?"

तिचे चुकले नाही. आमचे घर शाफई. कुत्र्याने भांड्यात तोंड घातले तर ते सात वेळा धुवायचे, त्यांतून एकदा मातीने, हे आम्ही कळायला लागल्यापासून ऐकत आलो. मालिकी पंथाचे मत याहून वेगळे आहे, तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाल्याची हदीस आहे, असहाबे कहफच्या राखणीला बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख खुद्द कुरआनात आहे. हे सारे वाचकांना ठाऊक आहे आणि त्यावर वाद घालण्यासाठी हा लेख नाही. माझ्यापुढचा प्रश्न कुत्र्याचा कमी आणि त्याला शिकवणाऱ्याचा अधिक आहे. मी पेशाने शिक्षक. तेव्हा तो मला टाळता येत नाही.

2023 च्या मे महिन्याच्या सुट्टीत मी बर्मिंगहॅमला माझ्या मामेबहिणीकडे गेलो होतो. कोकणातली अनेक मुस्लिम कुटुंबे इंग्लंडात स्थायिक झाली आहेत, त्यांतलेच तिचे एक. शेजारी एक इंग्रज बाई राहतात. साठीच्या, सडपातळ, पायात नेहमी चिखलाचे बूट. त्यांच्याकडे जॅक रसेल जातीचा एक लहानसा कुत्रा आहे, नाव बिस्किट. त्या बाई त्याला घेऊन दर दोन-तीन आठवड्यांनी स्पर्धेला जातात, असे आपाने सांगितले आणि वर म्हणाली, "हरायला जातात बघ. चल, तुलाही दाखवते."

या स्पर्धेला अ‍ॅजिलिटी म्हणतात. तिचा जन्म मोठा गमतीचा आहे. लंडनला क्रफ्ट्स नावाचे कुत्र्यांचे प्रसिद्ध प्रदर्शन भरत असे. (1991 पासून ते बर्मिंगहॅमला भरते.) 1978 साली तिथल्या मुख्य कार्यक्रमांच्या मधला रिकामा वेळ भरून काढण्याची जबाबदारी जॉन व्हार्ली यांच्यावर आली. त्यांनी पीटर मीनवेल या कुत्र्यांच्या प्रशिक्षकाची मदत घेतली आणि घोड्यांच्या अडथळा शर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांसाठी खेळ मांडला. लोकांना तो इतका आवडला की 1980 मध्ये केनेल क्लबने त्याला रीतसर मान्यता दिली. म्हणजे वेळ मारून नेण्यासाठी बसवलेला कार्यक्रम पुढे जगभर खेळला जाऊ लागला. आपल्या स्नेहसंमेलनात पाहुणे उशिरा येतात तेव्हा आपण कोणालातरी लतीफे सांगायला उभे करतो, तसाच हा प्रकार.

मैदानात वीसेक अडथळे क्रमांक लावून मांडलेले असतात. उडी मारायच्या आडव्या काठ्या, कापडी बोगदा, दोन्ही बाजूंनी चढ-उतार असलेली उंच फळी, उंचावरचा अरुंद पूल, शाळेच्या मैदानात असतो तसा सी-सॉ आणि ओळीने रोवलेल्या बारा काठ्या. या काठ्यांमधून कुत्र्याने नागमोडी जायचे. पहिली काठी त्याच्या डाव्या खांद्याकडेच राहिली पाहिजे, नाहीतर प्रवेश चुकला. चढ-उताराच्या टोकांना वेगळा रंग दिलेला असतो. त्या रंगावर पाय न टेकवता कुत्रा वरून उडी मारून उतरला तर पाच दोषांक. उंचावरून झेप घेऊन त्याने पाय मोडून घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. काठी पडली तर पाच. अडथळ्यापुढून मागे फिरला तर पाच, आणि असे तीनदा झाले किंवा क्रम चुकला तर सरळ बाद.

हे सगळे कुत्र्याने करायचे. माणसाने फक्त बरोबर धावायचे. साखळी काढलेली, खिशात खाऊ ठेवायचा नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही. हाताशी उरतो तो आवाज आणि आपले अंग. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. शर्यतीपूर्वी स्पर्धकांना कुत्र्याविना मैदानात फिरून रस्ता पाठ करायला वेळ देतात. तीस-चाळीस मोठी माणसे गंभीर चेहऱ्याने हवेत हात करीत, नसलेल्या कुत्र्याला "इकडे, तिकडे" सांगत फिरत होती. पाठाचे टाचण काढून रिकाम्या वर्गात सराव करणाऱ्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांची मला आठवण झाली. मीही तसाच फिरलो आहे. रिकाम्या वर्गात माझा एकही पाठ फसला नव्हता.

बाईंचा क्रमांक आला. सुरुवातीला बसून राहण्याची आज्ञा बिस्किटने छान पाळली. तीन उड्या स्वच्छ झाल्या. मग तो बोगद्यात शिरला आणि बाहेर आलाच नाही. बाई पलीकडच्या तोंडाशी जाऊन हाका मारू लागल्या. थोड्या वेळाने ज्या तोंडातून तो आत गेला होता तिथूनच त्याचे डोके बाहेर आले. त्याने प्रेक्षकांकडे पाहिले आणि पुन्हा आत गेला. लोक हसू लागले. पुढे त्याने दोनदा तोच बोगदा उलटसुलट पार केला, पंचांच्या भोवती एक चक्कर मारली आणि पाडलेली काठी तोंडात धरून मैदानभर मिरवली.

मी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. आधी तो कसनुसा झाला. मग त्या हसल्या. हे हसू क्षणभर उशिरा आले, म्हणूनच मला ते खरे वाटले. ज्याला जिंकण्याची पर्वाच नाही त्याचे हसणे फुकटचे असते. या बाई वर्षभर पावसात सराव करीत होत्या. पंचांनी बाद केल्याची खूण केली होती. बाईंनी कुत्र्याला बोलावले, तो आला, त्याला पोटाशी धरले, "शहाणं माझं बाळ ते" अशा अर्थाचे काहीसे म्हणाल्या आणि बाहेर येऊन त्याला खाऊ दिला.

मी विचारले, "एवढं चुकून वर बक्षीस?"

त्या म्हणाल्या, "तो हरला हे त्याला कुठे ठाऊक आहे? मी बोलावलं आणि तो आला, एवढंच त्याला कळतं. आत्ता रागावले तर तो एवढंच शिकेल की माझ्याकडे येणं वाईट." मग म्हणाल्या, "आणि चूक माझीच होती. माझे खांदे बोगद्याकडे वळले होते."

संध्याकाळी आपाने मोबाइलवर तसल्याच चित्रफिती दाखवल्या. 2017 च्या क्रफ्ट्समध्ये अनाथाश्रयातून आणलेल्या कुत्र्यांच्या स्पर्धेत ऑली नावाचा जॅक रसेल उडी मारताना नाकावर पडतो, उठतो आणि आनंदाने मैदानभर उधळतो. 2020 मध्ये क्रॅटू नावाचा मोठा केसाळ कुत्रा काठी पळवतो. लाखो लोकांनी हे पाहिले आहे. विजेत्यांची नावे मला कोणी सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत. दुलाभाई डोळ्यांतले पाणी पुसत हसत होते. मी मात्र मध्येच उठून बाहेर गेलो.

कारण मला एक मुलगा आठवला होता.

2015 ची गोष्ट. नोकरीचे माझे तिसरे वर्ष. उर्दू शाळेत सहावीला विज्ञान शिकवत होतो. तपासणीला अधिकारी येणार म्हणून बाष्पीभवनाचा पाठ मी आदल्या दिवशी वर्गाकडून पक्का करून घेतला होता. कोणी कोणत्या प्रश्नाला हात वर करायचा तेही ठरले होते. अधिकारी आले, मागच्या बाकावर बसले. मी प्रश्न विचारला. वर्गातला सर्वांत हुशार आणि सर्वांत खोडकर मुलगा उभा राहिला आणि निरागसपणे म्हणाला, "सर, ये सवाल तो आपने कल ही रटाया था!" वर्ग हसला. अधिकारीही हसले. चांगले गृहस्थ होते, त्यांनी काही लिहिले नाही. विषय तिथेच संपला असता.

मी तो संपू दिला नाही. मारले नाही; 2009 च्या कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे हे मला ठाऊक होते. त्याच कायद्यात मानसिक छळालाही बंदी आहे, तेवढे मात्र सोयीस्करपणे विसरलो. सहामाहीपर्यंत मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. पंधरा ऑगस्टच्या तकरीरीतून त्याचे नाव काढले. पहिले काही दिवस तो हात वर करीत राहिला, मी दुसऱ्याकडे पाहत राहिलो. मग त्याने हात वर करणे सोडले. वर्ष संपले तेव्हा तो वर्गातला सर्वांत शांत मुलगा झाला होता, आणि स्टाफरूममध्ये मी म्हणालो होतो की सुधारला.

त्या रात्री बर्मिंगहॅमच्या थंडीत उभा असताना मला सूरह माइदाची चौथी आयत आठवली. शिकवलेल्या जनावरांनी पकडलेली शिकार तिथे हलाल ठरवली आहे, आणि त्यांना तुम्ही जे शिकवता ते अल्लाहने तुम्हाला शिकवलेल्यातलेच, असे त्या आयतीत येते. म्हणजे कुत्र्याचा उस्ताद हाही आधी कोणाचा तरी शागीर्द. यापुढे हदीसमध्ये अदी बिन हातिम यांचे प्रश्न येतात. दानशूर हातिम ताईंचे हे चिरंजीव. त्यांना मिळालेल्या उत्तराचा आशय असा की, कुत्र्याने शिकारीतले स्वतः खाल्ले तर तुम्ही ती खाऊ नका, कारण ती त्याने स्वतःसाठी पकडली. फिकहच्या ग्रंथांत मग कुत्रा शिकला असे कधी मानावे याची चर्चा आहे. सोडला तर जावा, बोलावला तर यावा, शिकार तोंडात असून खाऊ नये. एकदा जमून भागत नाही, पुन्हा पुन्हा जमावे लागते. हनफी ग्रंथांत तीनदा, असे प्रमाण सांगितले जाते.

मदरशात मौलवीसाहेबांकडून हे शिकलो तेव्हा यात कसोटी कुत्र्याची आहे असे वाटले होते. आता वाटते, ही कसोटी मलाही लावून पाहायला काय हरकत आहे? तो पाठ मी मुलांसाठी बसवला होता की स्वतःसाठी? मुलांना बाष्पीभवन समजावे म्हणून असता, तर त्या मुलाच्या वाक्याने माझे काय बिघडले होते? उलट उत्तर त्याला येतच होते. शिकार त्यांच्यासाठी पकडतोय असे मी सांगत होतो आणि आडोशाला बसून खात होतो.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, जिल्लत आणि आजिजी. दोन्हींत माणूस खाली येतो. जिल्लतीत त्याला दुसऱ्याने ढकललेले असते, आजिजीत तो आपण होऊन उतरतो, असा भेद मी मुलांना सांगत आलो. बाईंना पाहून तो मला अपुरा वाटू लागला. बाई आपण होऊन कुठे उतरल्या? त्यांनाही कुत्र्याने चारचौघांत ढकललेच की. प्रसंग एकच असतो, ढकलणाराही तोच. फरक पडतो तो पुढच्या चार-दोन क्षणांत, आपण त्या लहान जिवाकडे कशा नजरेने पाहतो त्यावर. माझे ते चार-दोन क्षण सहा महिने चालले.

मात्र बाईंची एक गोष्ट मला पटली नाही. "चूक माझीच" हे त्यांचे म्हणणे. ऐकायला ते फार विनम्र वाटते आणि बऱ्याच अंशी खरेही असेल. कुत्रा शब्दांपेक्षा आपल्या पावलांकडे आणि खांद्यांकडे जास्त पाहतो. पण सगळीच चूक माझी म्हणण्यात एक छुपा अहंकारही आहे. जणू कुत्रा म्हणजे मी फिरवीन तशी फिरणारी किल्ली. बॉर्डर कोली जातीचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळाच्या इशाऱ्याकडे डोळे लावून काम करीत आले, म्हणून या खेळात तेच पुढे असतात. जॅक रसेलची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज पाद्री जॉन रसेल यांच्या नावाने ओळखली जाणारी ही जात कोल्ह्याच्या बिळात शिरण्यासाठी तयार केली गेली. जमिनीखाली मालकाचा इशारा पोहोचत नाही. तिथे काय करायचे ते त्याचे त्यानेच ठरवायचे. अशा जनावरापुढे बोगदा ठेवायचा आणि त्याने आज्ञेची वाट पाहावी म्हणायचे! कदाचित त्या दिवशी बाईंचे खांदे अगदी बरोबर असतील. बिस्किटला बोगदा आवडला, इतकेच. त्याचे श्रेयही त्यालाच द्यायला हवे.

याच न्यायाने त्या मुलाने केले त्याला मी माझी चूक म्हटले तरी त्याच्यावर अन्यायच होईल. तो चुकला नव्हता, आणि माझ्या चुकीचा परिणाम म्हणूनही तो बोलला नव्हता. त्याला खरे दिसले, ते तो बोलला.

कोणी म्हणेल, खेळाची तुलना शाळेशी कशी? कुत्रा हरला तर रिबिनीचे एक फूल जाते, मूल मागे पडले तर आयुष्य जाते. बरोबर आहे. शिस्तीशिवाय वर्ग चालत नाही, आणि त्या मैदानातही पंचांनी बिस्किटला हसून माफ केले नाही, बादच केले. माप सोडावे असे मी म्हणत नाही. पण मी त्या मुलाला वाळीत टाकले ते कोणत्या मापाने, हे मला आजही सांगता येत नाही.

जूनमध्ये परत आल्यावर घरातला नळ गळत होता. ज्या हार्डवेअरच्या दुकानात तो मुलगा आता काम करतो, तिथे मी मुद्दाम गेलो. त्याने उभे राहून सलाम केला, नेहमीप्रमाणे नजर खाली. मी आडून आडून त्या तपासणीचा विषय काढला.

"जाऊ द्या ना सर," तो म्हणाला, "तेव्हा मी फारच शरारती होतो."

"नाही रे. तू खरं बोलला होतास. मीच वाईट वागलो."

त्याने गल्ल्यावर बसलेल्या मालकाकडे एकदा पाहिले. मग खोक्यातून नळ काढला, फिरवून दाखवला, आणि बिलात वीस रुपये कमी लावले. मी पूर्ण पैसे पुढे केले. त्याने वीसची नोट परत माझ्या हातात ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.