चिलखत आणि काळी रेघ

गेल्या पेसाहच्या सुटीत आम्ही धाकट्या नातवाला घेऊन एका वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. तेथे काचेच्या कपाटात रोमन शिपायाचे चिलखत उभे करून ठेवले होते. लोखंडी पट्ट्या आरशासारख्या चकचकीत, पितळी बकले, चामड्याचे पट्टे नवेकोरे. नातू बराच वेळ पाहात राहिला आणि मग त्याने विचारले, "आजी, हे खरं आहे का?" पाटीवर 'रोमन सैनिकाचे चिलखत, पहिले शतक' एवढेच लिहिले होते. आम्ही "हो" म्हणून मोकळे झालो. घरी आल्यावर मात्र ते "हो" मनाला टोचू लागले. मुलाने सरळ प्रश्न विचारला होता आणि आम्ही विचार न करता उत्तर दिले होते. म्हणून त्या विषयावर जे मिळाले ते वाचून काढले. त्यातून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

या पट्ट्यांच्या चिलखताला आज 'लोरिका सेगमेंटाटा' म्हणतात. हे नाव रोमन शिपायांनी दिलेले नाही. ते सोळाव्या शतकातील विद्वानांनी लॅटिनमध्ये बनवले. म्हणजे नावापासूनच पुनर्रचना सुरू होते! रोम शहरात सम्राट ट्रेजनचा इ. स. ११३ चा दगडी स्तंभ आहे. त्यावर असे चिलखत घातलेले शिपाई कोरलेले आहेत, आणि पुष्कळ काळ विद्वानांची भिस्त त्या चित्रांवरच होती. जमिनीतून मिळत ते गंजलेले तुकडे. पट्ट्या चामड्याच्या अंगरख्यावर बसवलेल्या असाव्यात, असे तेव्हा अनेकांना वाटे.

मग १९६४ साली उत्तर इंग्लंडात, हेड्रियनच्या भिंतीजवळ कॉर्ब्रिज येथे, दुसऱ्या शतकात पुरलेली एक लाकडी पेटी सापडली. तिच्यात अशा चिलखतांचे भाग होते. लाकूड आणि चामडे कुजून गेले होते, पण गंजात त्यांच्या खुणा उरल्या होत्या आणि रिव्हेट जागच्या जागी होते. त्यांवरून कळले की अंगरखा नव्हताच. पट्ट्या आतल्या बाजूने चामड्याच्या वाद्यांवर ठोकलेल्या होत्या. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे तज्ज्ञ एच. रसेल रॉबिन्सन यांनी तशी चिलखते करून दाखवली आणि १९७५ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आज ठिकठिकाणी दिसणारा रोमन शिपाई पुष्कळसा त्यांच्या कामावर उभा आहे.

पण तेथेही गोष्ट संपली नाही. स्कॉटलंडातील न्यूस्टेडच्या तुकड्यांवरून रॉबिन्सन यांनी बांधलेला नमुना पुढे मिळालेल्या नव्या तुकड्यांमुळे बदलावा लागला. २०१८ साली जर्मनीत काल्क्रीझे येथे जवळजवळ पूर्ण चिलखत सापडले. हे ठिकाण इ. स. ९ मध्ये रोमन फौजेचा नाश झालेल्या लढाईशी जोडले जाते. चिलखत मातीतून मोकळे करण्याआधी तो मातीचा अख्खा ठोकळा सी.टी. स्कॅनमधून नेला. चाकू लावण्याआधी आत काय आहे ते पाहावे, हे आम्हा रुग्णालयातल्या माणसांना लगेच पटेल! चिलखताच्या गळ्याशी कैद्याला जखडण्याचे लोखंडी साधन मिळाले. तो शिपाई जिवंत पकडला गेला आणि रोमनांच्याच बेडीत अडकवला गेला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे.

आता मूळ प्रश्न असा की, नवे लोखंड ठोकून केलेले चिलखत खरे की खोटे? धातू नवा आहे एवढ्यानेच ते खोटे ठरत नाही. गंजलेले तुकडे मुलाशी बोलत नाहीत. मोडलेल्या हाडाचा एक्स-रे आईबापांना दाखवून भागत नाही, कागदावर चित्र काढून समजवावे लागते. चित्र काढणे म्हणजे फसवणूक नव्हे. मग फसवणूक कोठे सुरू होते?

येथे आम्हाला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही शिकाऊ परिचारिका असताना एका रात्रपाळीत पहाटे चारच्या फेरीला एका झोपलेल्या रुग्णाचा ताप न घेताच चार्टवर ३६.८ लिहिला. मध्यरात्री तेवढाच होता, आताही तेवढाच असणार, असा आमचा हिशेब. चार्टवरची रेघ अगदी सरळ आणि सुबक दिसली. सहा वाजता तो रुग्ण तापाने फणफणला होता. डॉक्टरांनी चार्ट पाहिला आणि ताप नुकताच चढला असे धरून चालले. आम्हाला राहवले नाही. आम्ही प्रमुख सिस्टरना खरे सांगितले. त्या ओरडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "जागा रिकामी सोडली असतीस, तर आपल्याला ठाऊक नाही हे तरी आम्हाला कळलं असतं." रुग्ण बरा होऊन घरी गेला. आम्ही मात्र ते वाक्य निवृत्त होईपर्यंत विसरलो नाही. आमचा आकडा कदाचित बरोबरही असेल. खोटेपणा आकड्यात नव्हता. न पाहिलेली गोष्ट पाहिलेल्या गोष्टींच्या रांगेत बसवली, त्यात होता.

चिलखताचेही तसेच आहे. कॉर्ब्रिजच्या तुकड्यांवर जागोजाग डागडुजी दिसते. तुटलेल्या भागांच्या जागी साधे रिव्हेट ठोकलेले आहेत. ती वापरून झिजलेली वस्तू होती. तिच्याऐवजी कारखान्यातल्या सारख्या जाडीच्या पत्र्याचे झगझगीत चिलखत उभे केले, तर मुलाला वैभव दिसते. झीज दिसत नाही आणि आतला माणूसही दिसत नाही. गमला आणि मसादा येथे जे घडले ते जाणणाऱ्या आपल्या लोकांनी तरी या झगमगाटाला भुलू नये.

उपाय मात्र अवघड नाही, आणि आपण सर्वांनी तो डोळ्यांनी पाहिला आहे. मसादावर गेल्यावर भिंतींवरून काढलेली काळी रेघ आठवते का? रेघेखालचे बांधकाम सापडले तसे आहे, वरचे आपल्या काळात रचलेले. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही जीर्णोद्धाराबद्दल हेच सांगितले: जेथे तर्क सुरू होतो तेथे थांबावे, आणि नवा घातलेला भाग ओळखू यावा. भिंत उभीही राहते आणि खोटेही बोलत नाही. चिलखताच्या पाटीवर चार ओळी जास्त लिहिल्या, की लोखंड नवे, पट्ट्यांची रचना अमुक ठिकाणच्या तुकड्यांवरून, चामडे तर्काने, तर त्या काचेच्या कपाटातही काळी रेघ उमटेल.

ही रेघ आपल्या घरातही हवी. नवगावजवळ फुटलेले जहाज, वाचलेली सात जोडपी, ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. पूर्वज कोणत्या काळी निघाले? काही जण अँटिओकसच्या छळाचा काळ सांगतात, काही दुसऱ्या मंदिराच्या नाशानंतरचा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, सुंता, तोंडी टिकलेला शेमा, हे मात्र पक्के. मधली शतके रिकामी आहेत. १९६४ साली आपल्याला पूर्ण ज्यू म्हणून जाहीर करण्यापूर्वी याच रिकाम्या जागेवर बोट ठेवून आपल्या लोकांना पुरावा मागितला गेला. ते दुःख वडीलधाऱ्यांनी सोसले आहे. तेव्हा आपल्यातल्या काहींना वाटले असेल, की ती जागा कशाने तरी भरून टाकावी. आम्हाला वाटते, भरू नये. रिकामी जागा म्हणजे खोटेपणा नव्हे. पेटीतले चामडे कुजले, म्हणून ते नव्हतेच असे कोणी म्हटले नाही. रिव्हेटांनी त्याची साक्ष दिली. आपले शब्बाथ आणि शेमा हे आपले रिव्हेट आहेत.

पुढच्या शब्बाथला नातू आला तेव्हा आम्ही त्याला सांगितले, "परवा मी तुला अर्धंच उत्तर दिलं." शब्बाथ संपल्यावर आम्ही दोघांनी कागदावर शिपाई काढला. सापडलेले भाग त्याने निळ्या रंगाने रंगवले आणि तर्काचे कोरे ठेवले. कोरी जागा बरीच उरली. तो म्हणाला, "तरी शिपाई दिसतोय की!"

वाचकहो, घरच्या वडील माणसांच्या हकीकती लिहून ठेवा, आणि लिहिताना एक काळी रेघ ओढा. अलीकडे पाहिलेले, पलीकडे ऐकलेले. दोन्ही मुलांना द्या. पण रेघ पुसू नका.