नशा, निद्रा आणि अमानत



अमरावती-अकोल्यातील आपल्या कितीतरी कुटुंबांची चूल ट्रकच्या चाकांवर पेटते. वरुड-मोर्शीची संत्री, अकोल्याची तूरडाळ, जिनिंगमधील रुईच्या गाठी घेऊन आपले भाऊ रात्र-रात्र गाडी चालवितात. जून 2022 मध्ये याच दोन शहरांमधील राष्ट्रीय महामार्ग 53 वर 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला व त्याची नोंद गिनीज बुकात झाली. रस्ता वेगवान झाला. चालकाचे शरीर मात्र अल्लाहने घडविले तसेच आहे. त्याला झोप येणारच.

ही झोप मारण्यासाठी कोणी अफू घेतो, कोणी गोळी. थकवा विसरण्यासाठी कोणी गांजा, कोणी दारू. म्हणून चालकांची पूर्वसूचनेविना तपासणी करावी, असा विचार पुढे येतो. अमेरिकेत 1991 च्या कायद्याने ती अवजड वाहनांच्या चालकांना बंधनकारक झाली. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 185 नशेत वाहन चालविणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते.

"आमच्यावर अविश्वास का?" असे चालक विचारतात. बंधूंनो, अल्लाह आपणांस सदैव पाहत आहे, असे मानणारा मोमिन तर प्रत्येक क्षणी तपासणीतच उभा असतो. कायदा 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्कापर्यंत सूट देतो. शरीअत देत नाही. ज्याचे अधिक सेवन नशा आणते, त्याचे थोडे सेवनही हराम आहे.

दुसरी सबब मजबुरीची. "चैन म्हणून नव्हे, माल वेळेवर पोचावा म्हणून घेतो." शरीअत मजबुरी जाणते, पण जिथे जिवावर बेतले आहे आणि हलाल मार्ग उरलेला नाही, तिथेच. इथे मार्ग मोकळा आहे: गाडी सुरक्षित जागी लावावी आणि झोपावे. नमाजमध्ये डुलकी येऊ लागली, तर आधी झोप पूर्ण करावी, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे; कारण गुंगीत मनुष्य क्षमा मागता मागता स्वतःलाच शाप देऊन बसेल. विचार करा! नमाजसारखी इबादत जिथे झोपेसाठी थांबते, तिथे गाठींचा ट्रक थांबू शकत नाही काय? नमाजमध्ये एक शब्द चुकेल. रस्त्यावर समोरून दुचाकीवर एक अख्खे कुटुंब येत असते. एका निरपराध जिवाची हत्या ही साऱ्या मानवजातीची हत्या, असे कुरआन (5:32) बजावते.

गाडीमालकांनो, केवळ तपासणी करून तुमची जबाबदारी संपत नाही. 2025 पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगार कायदा, 1961 दिवसाचे साधारण आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगत असे. सेवकावर शक्तीबाहेरचा भार टाकू नका, टाकलाच तर त्याला हातभार लावा, असे प्रेषितांनी (स.) फर्माविले. न झोपताच पोचता येईल अशी वेळ ठरवून देणारा मालक त्या गुन्ह्यात वाटेकरी आहे. तपासणीही न्यायाने व्हावी: सर्वांना एकच नियम असावा, आणि पहिल्या संशयावर रोजी हिरावू नये, खोकल्याच्या औषधानेही निष्कर्ष चुकू शकतो. प्रयोगशाळेतून खात्री करावी.

जो दोषी आढळेल, त्याची मोहल्ल्यात बदनामी करू नका; अल्लाह दोष झाकणारा आहे. त्याच्या हातून गाडी काढून घ्या, पण त्याचा हात सोडू नका. 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. अमली पदार्थांविषयीच्या 1985 च्या कायद्यातील कलम 64-अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास खटल्यापासून संरक्षणाची वाट देते.

मातांनो, भगिनींनो, घरचा माणूस प्रवासात असता "कधी पोचणार?" याआधी "झोप झाली का?" हे विचारा. उशिरा आलेली हलाल रोजी हीदेखील बरकतच आहे.

हे अल्लाह, आमच्या चालकांना शुद्ध, जागृत आणि सुखरूप ठेव. त्यांच्या हातून कोणाचे घर उजाडू देऊ नकोस. आमीन.